उशीवरचा लाल बाण

१

सतरा नंबरचा दगड समितीच्या अध्यक्षबाईंनी दोनदा उलटापालटा केला, भिंगाखाली धरला, जिभेचं टोक लावून पाहिलं आणि टेबलावर ठेवून दिला. मग रुमालाने ओठ पुसले.

“हा दगड या खदानीतला नाही,” त्या म्हणाल्या.

हिंगणीच्या पुढे, बोर धरणाच्या वाटेवरच्या या बंद खदानीत भावना ताकसांडे चार वर्षं उन्हातान्हात दगड ठोकत होती. सदतीस नमुने जमवले होते, पण तिचा सगळा प्रबंध उभा होता तो एकट्या सतराव्यावर. विद्यापीठाची समिती आज तोच डोळ्यांनी पाहायला नागपूरहून खदानीवरच्या या पत्र्याच्या खोलीत आली होती.

प्रबंधातली गोष्ट सांगायला सोपी आणि सिद्ध करायला महाकठीण. वितळलेला खडक पाण्यात शिरला की त्याची कातडी तिथल्या तिथे गोठते, आत मात्र रस तापलेलाच असतो. तो फुगतो, कातडी फोडून बाहेर येतो, पुन्हा गोठतो, आणि पाण्याच्या तळाशी उशांवर उशा रचल्यासारखा खडक तयार होतो. वर्धा जिल्ह्यात खणाल तिथे काळा पाषाण आहे, पण भावनाच्या माहितीत असा उशांचा थर फक्त या खदानीच्या तळाशी होता. इथे एके काळी पाणी होतं, हे सगळ्यांनाच मान्य होतं. ते तळ्याचं होतं असं जुने अभ्यासक म्हणत. भावना म्हणत होती, समुद्राचं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा इथवर आला होता. सतरावा नमुना म्हणजे नारळाएवढी एक अख्खी उशी, आणि तिला चिकटलेल्या मातीच्या खपलीत खाऱ्या पाण्यातच जगणाऱ्या जिवांचे मोहरीहून बारीक शिंपले.

टेबलावरच्या दगडाला मातीच नव्हती. आकार उशीचाच, पण रंग हिरवट.

“हा कर्नाटकातला. चित्रदुर्गाकडचा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “समुद्राखालचाच आहे, त्यात वाद नाही. फक्त तो समुद्र अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा होता. नंबर तुमचाच ना?”

दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका होता, त्यात काळ्या शाईने सतराचा आकडा आणि शेजारी लाल बाण. आकड्याचं वळण हुबेहूब भावनाचं.

“मॅडम, मी डब्यात ठेवला तो हा दगड नाही.”

“आणि शिंपल्यांचे फोटो?”

“ते खऱ्या दगडाचे आहेत.”

“तो कुठे आहे?”

भावनाने आपल्या मार्गदर्शकांकडे पाहिलं. गजेंद्र सर खिडकीशी उभे होते. वर्ध्याच्या कॉलेजात तीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलेला, येत्या जूनमध्ये निवृत्त होणारा माणूस. ते पुढे आले आणि मऊ आवाजात म्हणाले, “मॅडम, मुलगी प्रामाणिक आहे. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. पुन्हा काम करायला लावू. एखादं वर्ष जाईल, दुसरं काय?”

“परराज्यातला दगड चालत आला का, गजेंद्र? ही अदलाबदल नाही, ही फसवणूक आहे. मी तसंच लिहिणार. नोंदणी रद्द.” बाईंनी घड्याळ पाहिलं. एक वाजून गेला होता. “मी आता खाली जाऊन थर पाहते. चार वाजता अहवालावर सही करून निघेन. तोवर काही सांगायचं असेल तर सांगा.”

नोंदणी रद्द म्हणजे शिष्यवृत्ती बंद. त्याहून वाईट म्हणजे नाव. फसवणुकीचा शिक्का एकदा बसला की कोणत्याच विद्यापीठाने तिला दारात उभं केलं नसतं. हरिदास ताकसांडे यांनी याच खदानीत अकरा वर्षं गिट्टी फोडली होती. त्यांची मुलगी इथलाच दगड खोटा ठरवून घेऊन घरी जाणार होती.



२

“रडाचं असन तं साडेचारले रड,” मागून आवाज आला. “आत्ता टाईम नाई.”

दीपमालाताई. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दगडांचे पातळ काप काढणारी बाई. पंचवीस वर्षं करवतीपाशी उभी राहून दगडाची धूळ छातीत गेलेली, त्यामुळे बोलता बोलता खोकायची. आज ती सूक्ष्मदर्शक सांभाळायला आली होती. पगारपत्रकात तिचं पद परिचराचं. पण विभागात किल्ली हरवो, नमुना चुको की कुणाची वही गायब होवो, सगळे गुपचूप दीपमालाकडेच जात. ती आरडाओरडा न करता वस्तू शोधून द्यायची आणि ज्याने घेतली त्याला आठवडाभर चहाचे पैसे भरायला लावायची.

“ताई, तुम्ही तर खरा सतरा पाहिला होता. सांगा ना त्यांना.”

“पाह्यला ना. कापाले आणलता तू, मीच वापस धाडला. म्हटलं, माती सुटून जाईन. पण माह्या बोलण्याले कोण इचारते? परिचर हाय मी.” तिने पदराने तोंड पुसलं. “आता सांग. डब्बा इथं कवा आला?”

भावनाने सांगितलं. सदतीस पुड्या, प्रत्येक दगड वर्तमानपत्रात गुंडाळलेला, वर नंबर. सोमवारी तिने स्वतः डबा भरला. तिच्याच बरोबर संशोधन करणाऱ्या अश्विनने तो आपल्या काकाच्या गाडीतून इथे आणला. तेव्हापासून डबा या खोलीत. आज गुरुवार.

“चाबी?”

“एकच आहे. दिवसा मंगरूकाकांकडे असते, राखणदार आहेत ते. खदान रूपरावांच्या ताब्यात, म्हणून तेही घेऊन जातात कधी.”

“अन् गजेंद्र सर?”

“मंगळवारी आले होते. बसायची व्यवस्था बघायला.”

“म्हंजे चार जण.” दीपमालाने हिरवट दगड हातात घेतला आणि फिरवून पाहिला. “एक गोष्ट पाह्य. ज्यानं हा ठेवला, त्याले हा पकडला जावा असंच वाटत व्हतं. खपवाचं असतं तं इथलाच एखादा काळा दगड नसता ठेवला? खदान भरून पडले हायत.”

भावनाच्या हे लक्षातच आलं नव्हतं. कुणाला तरी ती खोटी ठरायला हवी होती. ठरवून, मोजूनमापून.

“तुही खदानीतली वही कुठं हाय?” दीपमालाने विचारलं. “जागेवर नोंद करता ते?”

वही भावनाच्या पिशवीत होती. तिने पिशवी आपोआप मागे सरकवली.

“घरी राहिली,” ती म्हणाली.

दीपमालाने पिशवीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि हिरवट दगड पदराखाली घेऊन ती बाहेर पडली.

३

रूपराव खोलीमागच्या कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत पसरले होते. समोर बंद पडलेला क्रशर गंजत उभा. तो पुन्हा धडधडावा म्हणून हा माणूस वर्षभर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होता, हे हिंगणीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भावनाचं म्हणणं खरं ठरलं असतं तर खदान अभ्यासासाठी राखीव झाली असती.

“बाई, सीधी बात सांगतो,” ते दीपमालाला म्हणाले. “हे पोरगी हरली तं माहा फायदाच हाय. पण मले दगड बदलाची गरज काय? वकील लावला हाय मी.”

“चाबी काल तुमच्यापाशी व्हती.”

“व्हती ना. संध्याकाळी खुर्च्या ठेवल्या अन् चाबी घेऊन गेलो. साडेनवाले उघडलं.” ते जरा पुढे झुकले. “खोटं कायले बोलू, डब्ब्याचं झाकणबी काढून पाह्यलं. म्हटलं असा कोणता हिरा हाय यात? कागदाचे पुडे दिसले. बंद केलं.”

“एखादा पुडा सोडला?”

“सोडून काय समजनार हाय मले? गिट्टी असन तं भाव सांगतो. तुमच्या उशीले वर कोणतं अन् खाली कोणतं, हे बी सांगता येत नाई.”

दीपमाला मान डोलावून निघाली. भावनाला मात्र पक्कं वाटलं, हाच. झाकण उघडल्याचं आपणहून सांगणारा माणूस आणखी काहीतरी लपवत असणार.

“किती सोपं हाय नाई त्याच्यावर घेणं?” दीपमाला चालता चालता म्हणाली. “म्हणूनच मले नको वाटते.”

अश्विन खदानीच्या काठावर मिळाला. खाली हिरवं पाणी, पलीकडे काळी भिंत, आणि भिंतीच्या पायथ्याशी अध्यक्षबाई हातोडी घेऊन वाकलेल्या. अश्विनचा चेहरा उतरला होता. भावनाची नोंदणी रद्द झाली तर तिची शिष्यवृत्ती यादीत पुढच्याला, म्हणजे त्यालाच मिळणार होती, आणि ते त्यालाही माहीत होतं.

“चित्रदुर्गचा दगड तुह्याकडे हाय ना?” दीपमालाने आडपडदा ठेवला नाही.

“आहे. खिडकीत ठेवलाय. सहलीला गेलेल्या सगळ्यांकडेच आहे, ताई. सर दर वर्षी मुलांना घेऊन जातात. शेताच्या बांधावर पडलेले असतात, जो तो एकेक उचलून आणतो.” त्याने फोन काढला. “आत्ता बहिणीला फोटो पाठवायला लावतो.”

फोटो आला. खिडकीत दगड होता. पण एकाकडे दोन दगड नसतील असं थोडंच आहे, असं भावनाच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. चार वर्षं जेवणाचा डबा वाटून खाल्लेला मित्र तिला चोर दिसायला लागला होता.

“अन् नंबराचं अक्षर?”

“ते कुणालाही जमेल. पहिल्याच वर्षी सरांनी सगळ्यांना एकाच वळणाचे आकडे गिरवायला लावले होते. पांढरा ठिपका, काळा आकडा, लाल बाण. बाण दगडाच्या वरच्या बाजूकडे. दगड जागेवरून काढायच्या आधीच काढायचा, म्हणजे नंतर वर-खाली चुकत नाही.” आणि त्याला एकदम हसू फुटलं. “अर्थात सतराव्याचं ते उलटं...”

“अश्विन!” भावना जवळजवळ ओरडलीच.

त्याने फोन खिशात टाकला. दीपमालाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“उलटं काय?”

खाली अध्यक्षबाईंच्या हातोडीचे ठोके पडत होते. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

४

गजेंद्र सर आपल्या गाडीत दार उघडं ठेवून बसले होते. थर्मासमधला चहा त्यांनी भावनाला दिला.

“सर, खरा सतरा तुमी कवा पाह्यला?” दीपमालाने विचारलं.

“दोन महिने झाले. हिच्या टेबलावर, भिंगाखाली. फक्त मातीची बाजू.”

“मंगळवारी डब्ब्याले हात लावला?”

“नाही. मंगरूने कुलूप काढलं, मी दहा मिनिटं टेकलो, निघालो. उगीच उकरत बसू नका, दीपमालाबाई. जेवढं उकराल तेवढं हिचंच नुकसान. मॅडमना मी समजावतो. अदलाबदल म्हणून लिहायला लावतो.” मग ते भावनाकडे वळले. “वही दाखवलीस का समितीला?”

“नाही, सर.”

“दाखवू नकोस. कच्च्या वह्यांत चुका असतात.”

भावनाच्या हातातला चहा सांडला. चूक होती. त्या वहीत, सतराव्या नमुन्याच्या पानावर, एक मोठी, लाजिरवाणी चूक होती. पण ते पान तिने सरांपासून दीड वर्ष लपवून ठेवलं होतं. पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर उशी काढून सांगितलं होतं, “हिचा फुगलेला भाग वर आणि शेपूट खाली. ज्याला एवढं कळत नाही त्याने हा विषय सोडावा, किराणा दुकान टाकावं.”

सरांना कळलं होतं का? आणि कळलं असेल तर कधीपासून?

तिथून निघाल्यावर दीपमाला थेट मंगरूकडे गेली. म्हातारा पळसाखाली शेळ्या राखत बसला होता. खदान चालू होती तेव्हा सुरुंगाची भोकं पाडणारा पहिल्या नंबरचा गडी. आता खदानीची राखण करायची आणि शेळ्या चारायच्या.

“मंगळवारी कालेजचे साहेब आलते. मी कुलूप काढून देलं, मंग शेळ्या उसात घुसल्या म्हणून पळालो. वापस आलो तं साहेब निघून राह्यले व्हते.”

“हातात काही?”

“झोला व्हता. येतानी बी व्हता.” मंगरूने डोकं खाजवलं. “आज बी सकाळीच आलते ना. सातले.”

“आज?” भावना म्हणाली. सर तर तिच्या डोळ्यांसमोर दहाला गाडीतून उतरले होते.

“हो ना, बाई. चाबी मांगत व्हते. घाई करून राह्यले व्हते. म्या म्हटलं, चाबी रूपराव घेऊन गेले. तं तसेच वापस गेले. झोला होताच खांद्याले.”

भावनाला वाटलं, सर तिच्याच काळजीने आले असतील. आदल्या दिवशीपर्यंत तिने पैजेवर सांगितलं असतं. आता मात्र तेवढी खात्री उरली नव्हती.

“मंगरूकाका,” दीपमाला शांतपणे म्हणाली, “सतरा नंबरचा दगड हिनं कुठून काढला, ठाऊक हाय?”

“ठाऊक हाय म्हंजे? पायथ्याच्या मोठ्या धोंड्यातून. अन् बाईनं त्याच्यावर बाण काढला आकाशाकडे! मले असं हासू आलं...” तो आत्ताही हसला. “म्या म्हटलं, पोरी, हा धोंडा उलटा पडून हाय. माह्याच हातच्या सुरुंगानं वरून पडला. त्याचं डोकं तं जमिनीत हाय!”

दीपमाला सावकाश भावनाकडे वळली.

“वही काढ,” ती म्हणाली.

५

पिशवीची चेन उघडताना भावनाला वाटलं, आपण आपल्या हाताने आपलं थडगं खणतोय. समितीपुढे ही वही गेली की फसवणूक राहिली बाजूला, अडाणीपणा सिद्ध होणार. वर आणि खाली न कळणारी संशोधक. वेलींनी शेपूट झाकलं होतं, धोंडा भिंतीचाच भाग वाटत होता, हे कारण खरं होतं. पण सरांच्या विषयात कारणांना जागा नव्हती.

पान एकेचाळीस. दगडाचं चित्र, बाण शेपटाकडे. खाली तिच्याच अक्षरात: ‘धोंडा उलटा पडला आहे, असे मंगरू यांनी सांगितले. तपासले, खरे आहे. बाण चुकीचा. पुसलेला नाही.’

“पुसला काऊन नाई?”

“पुसायचा नसतो. खदानीत काढलेली खूण तशीच ठेवायची आणि चूक वहीत लिहायची. सरांचाच नियम.”

“हे कोणाकोणाले ठाऊक व्हतं?”

“मी, अश्विन, मंगरूकाका. सरांना सांगायची हिंमतच झाली नाही.”

दीपमालाने हिरवट दगड पदराखालून काढला. भावनाने तो आता नीट पाहिला. मघाशी तो तिच्या डोळ्यांसमोरच होता, पण भीतीने तिने रंगापलीकडे काही पाहिलंच नव्हतं. लाल बाण शेपटापासून निघून फुगलेल्या माथ्याकडे गेला होता. तो अचूक होता.

“ही वही आज तुले बुडवन का तारन, मले नाई सांगता येत,” दीपमाला म्हणाली. “तुही चूक सगळ्यांसमोर वाचावी लागन. हो म्हन नाईतर नाई म्हन. मी जबरदस्ती नाई करत.”

साडेतीन झाले होते. अध्यक्षबाई खदानीची वाट चढून वर येताना दिसत होत्या. भावनाला बाबांची आठवण आली नाही, की आईची. तिला फक्त तो खरा दगड आठवला, कुठेतरी कुणाच्या तरी हातात असलेला.

“वाचा,” ती म्हणाली.

६

पत्र्याच्या खोलीत सगळे जमले. अध्यक्षबाईंनी आधी नाक मुरडलं. परिचर बाईचं काय ऐकायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. पण दीपमालाने त्यांना दोघांना फक्त एकच प्रश्न विचारायला लावला, सतराव्यावरचा बाण कसा होता. एकेकाला बाहेर बोलावून, वही उघडायच्या आधी. मंगरू म्हणाला, बाण उलटा होता. अश्विन म्हणाला, बाण उलटा होता. मग पान एकेचाळीस उघडलं गेलं. त्यानंतरची साठ पानं भरलेली होती, त्यामुळे ते कालपरवा घुसडलंय असं म्हणायलाही वाव नव्हता.

अध्यक्षबाईंनी वही वाचली, दगड पाहिला, पुन्हा वही पाहिली. आता त्या खुर्चीत सरळ बसल्या.

“बोला,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, मी काही शिकेल-सवरेल नाई,” दीपमालाने सुरुवात केली. “पण चोरानं हा नकली दगड घरून तयार करून आणला, एवढं समजते. इथं रंग अन् शाई घेऊन बसाले टाईम कोणाले व्हता? पुडा काढाचा, पुडा ठेवाचा, दोन मिनिटांचं काम. आता बाण पाहा. पोरीनं सोताच बनवला असता तं तिनं उलटा काढला असता, वही तिच्यापाशीच व्हती. अश्विनले ठाऊक व्हतं, त्यानंबी उलटाच काढला असता. मंगरूकाकाले तं चांगलंच ठाऊक.”

“माह्याकडे पाहता काय?” रूपराव चिडले. “मले काय ठाऊक?”

“तेच म्हणतो. तुमाले काहीच ठाऊक नाई. मंग तुमी काय केलं असतं? खरा दगड सोडून, समोर ठेवून, पाहून पाहून नक्कल केली असती. दुसरा रस्ताच नाई. म्हंजे तुमचाबी बाण उलटाच आला असता.” तिला खोकला आला. “हा बाण सरळ हाय, मॅडम. हा काढणाऱ्यानं खरा दगड पाह्यलाच नाई. त्याले पाहाची गरजच वाटली नाई. त्याले उशी दिसली, अन् हातानं आपोआप माथ्याकडे बाण काढला. तीस वरसं काढत आला तसा.”

भावनाने मान वर केली नाही. तिला त्या बाजूला पाहायचंच नव्हतं.

“चोरी झाल्यावर घरी जाऊन खरा दगड सोडला असन,” दीपमाला पुढे म्हणाली, आता हळू आवाजात, “तवा समजलं असन का बाण उलटा हाय. म्हणून आज सातले चाबी मांगाले आले, सर. दगड वापस ठेवाले का बाण सुधराले, तुमालेच ठाऊक. अन् म्हणूनच म्हटलं का वही दाखवू नको, चुका असतात. जे पान तुमी कधी पाह्यलंच नाई, त्याच्यात चूक हाय हे कसं समजलं?”

“हा नुसता तर्क आहे,” अध्यक्षबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज बदलला होता. “खरा दगड कुठे आहे? तो या पाण्यात फेकला असेल तर सिद्ध काय करणार?”

“रूपरावनं फेकला असता. मी बी फेकला असता, मॅडम. पण ज्यानं नेला त्यानं नाई फेकला. त्याच्यात शिंपले हायत. असा दगड फेकाची तुमा लोकांची छातीच नाई.”

पत्र्यावर ऊन तडतडत होतं. गजेंद्र सर उठले. सावकाश बाहेर गाडीपर्यंत गेले, खांद्याची पिशवी घेऊन परत आले, आणि टॉवेलात गुंडाळलेला काळा दगड त्यांनी टेबलावर असा ठेवला की मातीच्या खपलीला धक्का लागू नये.

“मंगळवारी मीच नेला,” ते म्हणाले. “आज सकाळी खरंच ठेवायला आलो होतो. आता कुणी विश्वास ठेवणार नाही.”

“का, गजेंद्र?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“तीस वर्षं मी इथे तळं होतं म्हणून शिकवलं. माझं नाव त्याच्यावर आहे. जूनमध्ये सुटतोय. वाटलं, नमुना चुकला म्हणतील, वर्षभर लांबेल. मी गेल्यावर लागू दे हिचा समुद्र.” त्यांनी चष्मा काढला. “तुम्ही फसवणूक म्हणाल, नोंदणी रद्द कराल, इतकं मला वाटलं नव्हतं.”

“पण मी म्हटल्यावर तुम्ही गप्प राहिलात.”

अध्यक्षबाईंनी अहवालाचं पान फाडलं आणि नवं घेतलं. मातीच्या खपलीवर भिंग धरलं. बराच वेळ त्या वाकलेल्या राहिल्या. मग त्यांनी लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता भावनाला म्हणाल्या, “तुमची नोंदणी कायम आहे. मार्गदर्शक बदलून मिळेल. आणि ते एकेचाळिसावं पान प्रबंधात जोडा, जसंच्या तसं.”

भावनाने मान हलवली. रडायचं ठरवून ठेवलं होतं साडेचारला, पण आता डोळे कोरडे होते. अश्विनने तिच्या पाठीवर थाप मारली, आणि दुपारी त्याच्याबद्दल मनात काय काय येऊन गेलं ते आठवून ती त्याच्याकडे बघू शकली नाही.

साडेचारला सगळे पांगले. गजेंद्र सरांची गाडी सगळ्यात शेवटी होती. भावना खोलीला कुलूप लावून चावी मंगरूला देत होती, तेव्हा ते गाडीचं दार धरून तिथेच उभे होते. तिला वळसा घालून जायचं होतं, पण वाट एकच होती.

“मी सत्तेचाळीस शिंपले मोजले,” सर म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते. “दोन दिवस भिंगाला डोळा लावून बसलो होतो. एक तरी गोड्या पाण्यातला निघेल म्हणून. नाही निघाला. समुद्रच होता, भावना.”

चार वर्षं तिला हे एवढंच वाक्य या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यासाठी ती उन्हात करपली होती, वही लपवली होती, त्याच्या एका शाबासकीवर आठवडा काढला होता. आज ते मिळालं आणि तिचा संताप संताप झाला.

“त्रेपन्न आहेत, सर,” ती म्हणाली. “सहा तुमच्याकडून सुटले.”